निवडणूक, स्थलांतर आणि ‘आम्ही रांगेत उभे राहून आलो’

साळुंकी

ब्रिटनमधल्या ‘ब्रेकिंग पॉइंट’ पोस्टरपासून सुरुवात करते, कारण मला पडलेले बहुतेक प्रश्न त्या एका चित्रात सापडतात. जून २०१६. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावरचं सार्वमत आठवड्यावर आलेलं. बाहेर पडण्याच्या बाजूचे, युकिप पक्षाचे नेते नायजेल फराज यांनी एका पोस्टरचं अनावरण केलं. माणसांची न संपणारी रांग, त्यावर मोठ्या लाल अक्षरांत ‘ब्रेकिंग पॉइंट’ आणि सीमा पुन्हा आपल्या ताब्यात घ्यायचं आवाहन. फोटो खराच होता. पण तो क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या सीमेवर, ऑक्टोबर २०१५ मध्ये काढलेला, सीरिया वगैरे देशांतून पळालेल्या निर्वासितांचा. सार्वमतातला वाद होता युरोपीय नागरिकांच्या मुक्त संचाराचा, म्हणजे पोलंड, रोमानियाहून कामाला येणाऱ्यांचा. संघ सोडा नाहीतर राहा, त्या रांगेतल्या माणसाला ब्रिटनमध्ये शिरायचा हक्क तेव्हाही नव्हता आणि नंतरही मिळणार नव्हता.

पोस्टरवर टीका भरपूर झाली. मला कुतूहल आहे ते त्यातल्या जोडणीचं: चित्र एकाचं, कायदा दुसऱ्याबद्दलचा. निवडणूक आली की ऑनलाइन वादात हेच होताना दिसतं, फक्त त्यात आकडा तिसऱ्याचाच असतो.

अलीकडचं उदाहरण इंग्लिश खाडी ओलांडून छोट्या बोटींनी येणाऱ्यांचं. २०२२ मध्ये असे ४५ हजारांहून जास्त लोक आले. फोनवर दिसतात ते हेच. त्याच सुमारास देशाचं निव्वळ स्थलांतर विक्रमी पातळीला गेलं. जून २०२३ला संपलेल्या वर्षासाठी ९ लाख ६ हजार, असा सुधारित अंदाज तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने दिला. वादात आकडा येतो हा नऊ लाखांचा आणि सोबत चित्र बोटीचं. वास्तविक बाहेरून आलेल्या एकूण माणसांत बोटवाले शेकडा पाचांहूनही कमी. बाकीचे कोण? विद्यार्थी, वृद्धांची देखभाल करणारे, नर्स, आयटीवाले, युक्रेन आणि हाँगकाँगमधून सरकारनेच खास व्हिसा देऊन बोलावलेले. त्यांत युरोपबाहेरच्या देशांपैकी पहिला नंबर भारताचा. म्हणजे आकडा तुमचा-माझा आणि चित्र दुसऱ्याचं.

आपल्या लोकांच्या ग्रुपांत मात्र सगळ्यांत जास्त टाळ्या मिळतात त्या ‘आम्ही रांगेत उभे राहून, फी भरून आलो, हे फुकटे घुसले’ या वाक्याला. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. फी खरंच भरली आहे. आरोग्य अधिभारच फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड आहे, विद्यार्थ्यांना आणि मुलांना थोडा कमी. पण हे वाक्य म्हणणाऱ्याला वाटतं की राग त्याच्या दारापर्यंत येणार नाही. ते पटत नाही.

तुम्ही जिथे आहात तिथल्या निवडणुकांत काय पाहिलंत, ते लिहा. कोणत्या पक्षाला मत द्यावं हे कृपया नको.

---

खवचट

पाचव्या प्रतिसादात कोणीतरी कोणाला तरी देशद्रोही म्हणेल. देश कुठला, ते आपापल्या पासपोर्टनुसार ठरवून घ्यावं.

वाचतोय.

---

स्पष्टवक्ता

लेख चांगला आहे, पण कललेला आहे. ‘लोकांना चुकीचं चित्र दाखवलं म्हणून लोक चिडले’ असा सूर येतो. मला तो मान्य नाही.

डेव्हिड कॅमेरन यांनी २०१० मध्ये सांगितलं की निव्वळ स्थलांतर लाखाच्या आत आणू. ते पंतप्रधान होते तोवर एकदाही जमलं नाही. २०१५ला तेच, २०१७ला तेच. त्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या २०१९च्या जाहीरनाम्यात लाखाची अट गेली आणि ‘एकूण आकडा खाली येईल’ एवढंच उरलं. प्रत्यक्षात काय झालं, ते तुमच्या नऊ लाखांत आलंच. चार निवडणुका एकच आश्वासन ऐकायचं आणि उलटंच होताना बघायचं, तर माणूस चिडणारच. त्याला कोणी पोस्टर दाखवायची गरज नाही.

आणि तो चिडून काही लिहायला लागला की तिसऱ्या मिनिटाला त्याला वर्णद्वेषी ठरवायचं. घरभाडं, डॉक्टरची वेळ न मिळणं, शाळेत जागा नसणं, हे प्रश्न त्याने काढायचेच नाहीत का? स्थलांतर किती असावं हा कुठल्याही लोकशाहीत विचारण्याजोगा प्रश्न आहे. शून्य आणि अमर्याद यांच्या मध्ये कुठेतरी रेघ प्रत्येक देश मारतोच.

---

साळुंकी

@स्पष्टवक्ता, रेघ मारायला माझी ना नाही. कोणासाठी मारताय ते सांगून मारा, एवढंच. घरभाड्यावर ताण येत असेल तर तो नऊ लाखांनी येतो, ४५ हजारांनी नाही. मग प्रचारात विद्यार्थी आणि केअर व्हिसाबद्दल बोला. ते कोणी बोलत नाही, कारण तिथे विद्यापीठं आणि वृद्धाश्रम लगेच ओरडतात. बोटीतला माणूस ओरडत नाही.

---

आकडेमोड

‘निव्वळ’ या आकड्याबद्दल थोडं, कारण त्यावरून होणारी निम्मी भांडणं फुकट असतात.

निव्वळ म्हणजे वर्षभर वा जास्त राहायला आलेले वजा तितक्याच काळासाठी गेलेले. कोविडनंतर विद्यार्थी एकदम आले. येताना ते ‘आलेले’ म्हणून मोजले गेले. त्या वर्षी जाणारे विद्यार्थी कमी, कारण आधीच्या दोन वर्षांत फारसे आलेच नव्हते. त्यामुळे आकडा फुगला. २०२२ला आलेल्यांचा अभ्यासक्रम आणि नंतरचा कामाचा व्हिसा संपला की ते ‘गेलेले’ होतात आणि आकडा कोणी काही न करताही उतरतो. सोबत नियमही कडक झाले. जानेवारी २०२४ पासून संशोधन सोडून बाकी बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला बंदी, मार्चपासून केअर वर्करना. जून २०२५ला संपलेल्या वर्षासाठीचा अंदाज २ लाख ४ हजारांवर आला. यातली घट किती नियमांमुळे आणि किती परतीच्या प्रवासामुळे, हे वेगळं काढावं लागतं. निवडणुकीत ते कोण काढणार? फुगवट्याचा दोष जाणाऱ्या सरकारला, उताराचं श्रेय येणाऱ्याला.

आता मजा पाहा. जून २०२३च्या त्याच वर्षाचा पहिला अंदाज होता ६ लाख ७२ हजार. ९ लाख ६ हजार हा सुधारित अंदाज आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. मतदान झालं ४ जुलै २०२४ला. म्हणजे ज्या आकड्यावरून आज सगळे हिरिरीने भांडतात, तो मत देताना कोणालाच ठाऊक नव्हता. २०२५ मध्ये पद्धत पुन्हा सुधारली आणि शिखर मार्च २०२३ला संपलेल्या वर्षात, ९ लाख ४४ हजारांवर गेलं.

यात कट-कारस्थान काही नाही. २०२०च्या सुरुवातीपर्यंत हे मोजमाप मुख्यतः विमानतळांवर आणि बंदरांवर प्रवाशांना थांबवून, ‘किती दिवस राहणार’ असं विचारून चालायचं. आता व्हिसा, कर वगैरेंच्या नोंदींवरून चालतं. माणूस खरंच राहिला की गेला हे कळायला वेळ लागतो.

---

रांगेतला

अमेरिकेतून. आयडीवरून कळलंच असेल.

रांगेचं गणित आधी सांगतो, कारण ‘रांगेत उभे राहा’ म्हणणाऱ्या तिथल्या बहुतेक मतदारांना ते माहीत नसतं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, त्यांत नवरा-बायको-मुलंही धरलेली. कोणत्याही एका देशाच्या लोकांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. भारतालाही तेवढीच मर्यादा आणि आइसलँडलाही. त्यामुळे आमची रांग सरकत नाही. मुलं २१ची होऊन आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात.

आता ग्रुपांतलं वातावरण. २०२४च्या निवडणुकीआधी माझ्या ओळखीचे कितीतरी देशी लोक दक्षिण सीमेवरच्या बातम्या हिरिरीने पुढे ढकलायचे. सूर साळुंकीताईंनी लिहिलाय तोच: आम्ही कायदेशीर, ते बेकायदा. निवडणूक नोव्हेंबरात झाली. डिसेंबरात श्रीराम कृष्णन यांना व्हाइट हाउसमध्ये एआय सल्लागार म्हणून नेमलं आणि देशनिहाय मर्यादा काढण्याबद्दलचं त्यांचं जुनं मत कोणीतरी उकरून काढलं. नाताळच्या आठवड्यात सगळा रोख एच-वन-बीवर, म्हणजे कुशल कामगारांच्या व्हिसावर, वळला. जिंकलेल्या ट्रम्प यांच्या बाजूचेच दोन तट पडले. इलॉन मस्क आणि विवेक रामस्वामी हे उद्योजक व्हिसाच्या बाजूने, बाकी मोठा गट विरोधात. भारतीयांबद्दल जे लिहिलं गेलं ते इथे उतरवत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून नव्याने बोलावल्या जाणाऱ्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं.

ग्रुपवर त्या आठवड्यात ‘हे बेकायदा लोकांबद्दल होतं ना?’ असं एकाने विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. मग कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या आणि सगळे सुटले.

---

खवचट

वाढदिवस ही संस्था नसती तर अर्धे ग्रुप कधीच फुटले असते.

---

बर्फाळ

कॅनडा.

इथली गोष्ट वेगळी आहे, कारण इथे बेकायदा वगैरे भानगड वादात फारशी नव्हतीच. २०२३ मध्ये देशाची लोकसंख्या १२ लाख ७० हजारांहून जास्त वाढली, ३.२ टक्के. १९५७ नंतरचा हा सगळ्यांत मोठा वेग, आणि वाढीचा जवळजवळ ९८ टक्के भाग बाहेरून आलेल्यांचा. त्यांत कायमस्वरूपी आलेल्यांपेक्षा तात्पुरते जास्त: विद्यार्थी आणि कामगार. सगळे रीतसर, शिक्का मारून आलेले.

राग निघाला तो विद्यार्थ्यांवर, आणि त्यातही पगडी दिसली की जास्त. ‘एका तळघरात दहा जण राहतात’ असे व्हिडिओ. राहत होते, खोटं नाही. पण त्या मुलाला बोलावलं कोणी? ओंटारियोचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये प्रांत सरकारने स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्के कमी केली आणि मग तिथेच गोठवली. सरकारी अनुदानही तुटपुंजं. कॉलेजं चालवायची कशी? परदेशी विद्यार्थ्याच्या फीला मर्यादा नाही. तो स्थानिकाच्या कितीतरी पट भरतो. मग एजंट, जाहिराती, छोट्या गावातल्या कॉलेजची मोठ्या शहरात भाड्याच्या जागेतली शाखा, हे सगळं त्यातून उगवलं. स्थानिक पालकाला स्वस्त फी मिळाली, प्रांताचे पैसे वाचले, कॉलेजने इमारती बांधल्या, घरमालकाला भाडेकरू मिळाले, गोदामांना आणि कॉफीच्या दुकानांना रात्रपाळीला माणसं मिळाली. आणि ऑनलाइन शिव्या मात्र वीस वर्षांच्या पोराला.

एप्रिल २०२५च्या निवडणुकीपर्यंत धोरण फिरलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर कमाल मर्यादा आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढल्या वर्षाचं कायम रहिवाशांचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं, तेही ज्यांनी वाढवलं होतं त्याच सरकारने. कॉलेजांत अभ्यासक्रम बंद पडू लागले, नोकऱ्या गेल्या. आता त्याच गावांतले लोक कॉलेज वाचवा म्हणून सह्या गोळा करतात. मला हसावं की रडावं कळत नाही.

@स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा इथे लागू पडतो. घरांचा ताण खराच होता आणि तो बोलून दाखवणाऱ्याला आधी बरीच वर्षं गप्प केलं गेलं. पण पैसे कुठून कुठे गेले हे कोणी बोलायला तयार नव्हतं, ते आजही नाही.

---

स्पष्टवक्ता

@बर्फाळ, यातल्या बऱ्याच गोष्टींशी सहमत. कॉलेजांचं मला माहीत नव्हतं.

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत फेब्रुवारी २०२५ला निवडणूक झाली. एएफडी हा स्थलांतरविरोधी पक्ष २०.८ टक्के मतांनी दुसरा आला. त्याला सगळ्यांत जास्त मतं पूर्वेकडच्या राज्यांत, जिथे परदेशी लोकांचं प्रमाण पश्चिमेपेक्षा कमी आहे. यावरून ऑनलाइन एक ठरलेला टोमणा असतो: ज्यांनी परका माणूस पाहिलाच नाही, तेच घाबरतात.

टोमणा सोपा आहे, म्हणून मला तो आवडत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ला बाहेर पडण्याच्या बाजूने सगळ्यांत जास्त मतदान झालं ते लिंकनशरमधल्या बॉस्टनमध्ये, ७५.६ टक्के. तिथे तर परके होते. शेतमालाच्या कामावर पूर्व युरोपातून आलेल्यांची संख्या दहा-बारा वर्षांत झपाट्याने वाढली होती. उलट लंडनच्या लँबेथमध्ये परदेशात जन्मलेले कितीतरी जास्त, आणि तिथे ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं. लँबेथ पिढ्यान् पिढ्या तसंच आहे. बॉस्टन एका पिढीत बदललं. किती आहेत यापेक्षा किती पटकन आले, याने जास्त फरक पडतो असं मला वाटतं.

पूर्व जर्मनीत आणखी एक पदर आहे. १९९० नंतर तिथली तरुण मंडळी, त्यातही मुली, पश्चिमेला निघून गेल्या. गावात म्हातारे उरले, शाळा बंद पडल्या, बसच्या फेऱ्या कमी झाल्या. अशा गावात निर्वासितांचं वसतिगृह उघडलं की लोक विचारतात: ह्यांच्यासाठी पैसे आहेत, बससाठी नव्हते? तो प्रश्न वरवर परक्यांबद्दल आहे. त्याच्या आत आपली पोरं गेल्याचं दुःख आहे, आणि ते कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात बसत नाही.

(अवांतर: मी ज्या कंपनीत आहे तिथे माझी बाजू घेऊन बोलणारे सहकारी ‘तू वेगळा, तू काम करतोस’ म्हणतात. कौतुक म्हणून म्हणतात.)

---

अण्णा_निवृत्त

ऱ्हाइनकाठ यांच्या प्रतिसादाला दंडवत.

मी मुलाकडे येऊन-जाऊन असतो. माझा अनुभव फक्त फॉरवर्डचा. मुलगा म्हणतो, अण्णा, आलेला व्हिडिओ कुठला ते आधी बघा. मी बघायला लागलो तर करमणूकच झाली. अमेरिकेत २०१६च्या जानेवारीत ट्रम्प यांच्या पहिल्या टीव्ही जाहिरातीत मेक्सिकोच्या सीमेबद्दल बोलताना दाखवलेली माणसं होती मोरोक्कोतून स्पेनच्या मेलिया शहरात शिरणारी. अटलांटिक महासागरच मध्ये. मग आपल्या शेजाऱ्याने दुसऱ्या देशाचा व्हिडिओ पाठवला तर त्याला काय म्हणायचं?

---

रांगेतला

@अण्णा, त्याहून मोठं उदाहरण स्प्रिंगफील्डचं, ओहायो राज्यातलं. थोडं सविस्तर लिहितो, कारण त्यात खोट्याने कोणाचं नुकसान केलं हे नीट दिसतं.

गाव साठ हजारांच्या आतबाहेरचं. कारखाने जाऊन ओसरत चाललेलं. काही वर्षांत तिथे हैतीहून आलेले सुमारे १२ ते १५ हजार लोक येऊन राहिले, कारण गोदामांत आणि कारखान्यांत कामं होती. बहुतेक जण कायदेशीर, तात्पुरत्या संरक्षणाच्या सवलतीखाली. एवढ्या गावात एवढी माणसं आल्यावर व्हायचं ते झालं. दवाखान्यात रांगा, भाडी वाढली, शाळेत दुभाषे कमी पडले. नगरपालिका स्वतः केंद्र सरकारकडे मदत मागत होती. हे सगळे खरे, कागदावर मांडलेले प्रश्न.

मग फेसबुकवर कोणीतरी लिहिलं की शेजारच्यांच्या मुलीच्या मैत्रिणीचं मांजर हरवलं आणि ते हैतीच्या लोकांनी मारलं. चौथ्या तोंडची गोष्ट. १० सप्टेंबर २०२४ला तेच अध्यक्षपदाच्या चर्चेत, कोट्यवधी लोकांसमोर आलं. अशी एकही विश्वासार्ह तक्रार नाही, असं गावच्या प्रशासनाने सांगितलं. पुढचे काही दिवस बॉम्बच्या धमक्या, शाळा रिकाम्या, सरकारी इमारती बंद. मूळ पोस्ट लिहिणाऱ्या बाईने नंतर पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं.

आता विचार करा, ज्या बाईला दवाखान्यात खरोखर तासन् तास थांबावं लागत होतं तिचं काय झालं? तिने तोंड उघडलं की तिची गणना मांजरवाल्यांत. एका बाजूला मांजराची गोष्ट खरी मानणारे, दुसऱ्या बाजूला त्यांची टिंगल करणारे. दवाखान्याबद्दल बोलणारं कोणी नाही. खोट्या गोष्टीने हैतीच्या लोकांना घरात कोंडलं, आणि गावकऱ्यांची खरी तक्रारही मारली.

---

स्पष्टवक्ता

रांगेतला, हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही चांगलं मांडलंत.

आता मी तुमच्या बाजूचंही एक सांगतो. २००४ मध्ये पोलंडसह आठ पूर्व युरोपीय देश संघात आले. ब्रिटनने पहिल्या दिवसापासून कामाचा दरवाजा उघडला. त्याआधी गृहखात्यासाठी केलेल्या अभ्यासात निव्वळ ५ ते १३ हजार लोक दर वर्षी येतील असा अंदाज होता. आले त्याच्या कितीतरी पट. माझ्यासारखे लोक गेली वीस वर्षं हे उदाहरण देतात: तज्ज्ञांवर विश्वास ठेवू नका. पण त्या अंदाजामागे एक गृहीतक होतं, की जर्मनीसारखे बाकीचे मोठे देशही दार उघडतील. त्यांनी उघडलं नाही. लगेच उघडणारे फक्त ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. जर्मनीने तर २०११ पर्यंत रोखून धरलं. अंदाजाची अट गळून पडली, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो नुसता आकडा.

तरीही माझं मत कायम आहे. अट पूर्ण होणार नाही हे दिसल्यावर सरकारने थांबायला हवं होतं.

---

आकडेमोड

पगारांवर परिणाम होतो का, हा प्रश्न अजून कोणी कसा काढला नाही? मीच काढतो, थोडक्यात.

१९८० मध्ये क्युबातून सव्वा लाख लोक काही महिन्यांत फ्लोरिडाला आले. मायामीतले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या कमी कौशल्याच्या कामगारांच्या पगारावर फारसा परिणाम झाला नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तीच घटना पुन्हा तपासली, फक्त शाळा अर्धवट सोडलेले पुरुष वेगळे काढले आणि पगार बरेच घसरले असं म्हटलं. त्यावर इतरांनी आक्षेप घेतला की ते नमुने फार लहान होते आणि त्यांची घडण मध्येच बदलली होती. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, वाद मिटला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१६च्या अहवालाचा सूर असा: दीर्घ काळात एकूण पगारांवर परिणाम अगदी थोडा, झालाच तर आधी आलेल्या स्थलांतरितांवर आणि शाळा सोडलेल्यांवर. म्हणजे नव्या माणसाची सगळ्यांत जास्त झळ कालच्या नव्या माणसाला. रांगेतल्यांच्या मानसशास्त्राला एवढा तरी आधार आहे.

दुसरा एक प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. आलेसिना, मियानो आणि स्टँचेवा यांनी अमेरिका आणि युरोपातल्या पाच देशांत लोकांना प्रश्न विचारले. सगळीकडे लोकांनी स्थलांतरितांचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त सांगितलं. इथवर नवं काही नाही. पण गरिबांना सरकारने किती मदत करावी या प्रश्नाच्या आधी नुसते स्थलांतराचे प्रश्न विचारले, तरी मदतीचा पाठिंबा घटला. कसलीही खोटी माहिती दिली नव्हती. फक्त क्रम बदलला. प्रचारात रोज सकाळी विषय कोणता काढायचा यावर एवढा पैसा का ओततात, ते यातून समजावं.

---

संपादक

या धाग्यावरचे काही प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. एका समाजाला सरसकट नावं ठेवणं आणि दुसऱ्या सदस्याच्या व्हिसाची चौकशी करणं, दोन्ही थांबवावं.

---

खवचट

देशद्रोही म्हणणारा प्रतिसाद अप्रकाशितांत गेला असावा. माझं भाकीत खरं ठरल्याचा पुरावाच नष्ट.

---

नवखी

पहिलाच प्रतिसाद. काल रात्रीपासून वाचतेय. एक बाळबोध शंका: आपण सगळे एवढ्या तावातावाने बोलतोय, पण आपल्याला तिकडे मत तरी असतं का? मी सप्टेंबरात लीड्सला विद्यार्थी म्हणून जातेय.

---

रांगेतला

अमेरिकेत नाही. केंद्राच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्याने मत देणं १९९६च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यालाही नाही. चुकून दिलं तरी देशाबाहेर काढू शकतात. ‘बेकायदा लोक लाखोंनी मतं टाकतात’ हा फॉरवर्ड दर निवडणुकीत फिरतो, पण सिद्ध झालेली प्रकरणं अगदी तुरळक असतात. कोण एवढा धोका पत्करेल एका मतासाठी?

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत संसदेसाठी फक्त नागरिक. जून २०२४ पासून पाच वर्षांत नागरिकत्व मागता येतं आणि जर्मनीची दुहेरी नागरिकत्वाला हरकत नाही. हरकत भारताची आहे. तिकडचं घेतलं की इकडचा पासपोर्ट जमा करावा लागतो.

---

साळुंकी

@नवखी, तुला असेल. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, विद्यार्थी व्हिसावरसुद्धा. २०१६च्या सार्वमतातही भारतीय पासपोर्टवाल्यांना मत होतं. वीस-वीस वर्षं तिथे राहिलेल्या फ्रेंच, पोलिश माणसांना नव्हतं, आणि निर्णय त्यांच्याबद्दलचा होता. आपल्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसतं, मतदारयादीत नावच घालत नाहीत.

घर मिळालं की सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदव, पाच मिनिटांचं काम आहे. राष्ट्रीय विमा क्रमांक विचारतात. नसला तरी अर्ज करता येतो, मग कागदपत्रं मागू शकतात. मतदानाच्या आधी कामाचे बारा दिवस उरलेत तोवरच नोंदणी चालते, नंतर नाही. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फोटोत तू ओळखू यायला हवीस.